मलावीच्या सरोवराकाठी वाऱ्याची खबर

रत्नागिरी

गेली काही वर्षं मी रत्नागिरीतल्या एका छोट्या संस्थेत मच्छीमारांसाठी समुद्राची खबर रेकॉर्ड करते. दुपारी हवामानाचं पत्रक येतं. त्यातली सरकारी भाषा बाजूला सारून वारा कुठला, लाटा केवढ्या, होडी काढावी की नाही, एवढं मी मिनिटभरात बोलते. मग संगणक एकेक नंबर फिरवतो आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या फोनवर ते बोलणं ऐकू जातं. साधा बटणांचा फोन चालतो, वाचता यायला हवं असंही नाही.

ही यंत्रणा बनवणाऱ्या मुंबईच्या मंडळींना आफ्रिकेतल्या मलावी देशातून बोलावणं आलं. तिथं मोठं सरोवर आहे, त्यावर पोट भरणारे कोळी आहेत आणि हवामानाचा अंदाज येतो तो इंग्रजीतून, ज्यांच्याकडे मोठा फोन आणि इंटरनेट आहे त्यांनाच. इंजिनीयर त्यांच्याकडे पुष्कळ होते. रोज प्रत्यक्ष बोलणारं माणूस हवं होतं. त्यांनी मला विचारलं.

माझे यजमान अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत, वीजखात्यात होते. ते गेल्यावर मी वसाहत सोडली आणि रत्नागिरीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मुलगी अश्विनी पुण्याला असते. ती म्हणाली, "जा आई, तेवढाच बदल." खेडहून भावाचा फोन आला. तो म्हणाला, "एवढ्या लांब जातंयस, तिथं कोण हाय आपलं?"

इथं तरी कोण आहे, असं ओठांवर आलं होतं.

जुलै संपता संपता निघाले.

लिलोंग्वे

मलावीची राजधानी लिलोंग्वे. विमानतळावर बॅग उघडली तेव्हा कळलं, कोकमाच्या आगळाची बाटली फुटली होती. माझे सगळे कपडे लालभडक. तपासणीवरच्या बाईंनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी बाटली त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी वास घेतला, बोट लावून चाखलं आणि तोंड वाकडं करून मला जाऊ दिलं. पुढचा महिना गुलाबी डागांच्या कपड्यांत काढला.

तिथून सरोवराकडे जाणारा रस्ता बघून मी चकित झाले. तीच तांबडी माती. रस्ता खोदलेल्या कडांना आपल्या जांभ्यासारखाच रंग. आणि आंब्याची झाडं, कुणी न लावलेली, रस्त्याकडेनं, शेतात, शाळेच्या आवारात. फळ लागतं ते डिसेंबरात, म्हणजे आपल्याकडे मोहोर यायच्या सुमारास. चालकानं मला विचारलं, "तुमच्याकडे आंब्याची झाडं आहेत?" मी नुसतं "आहेत" म्हटलं. कोणाला काय सांगायचं?

सरोवराकाठी

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं जे घडलं ते त्या घरांचं आहे.

सरोवर म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, होड्या येतात, वाळूवर जाळी पसरलेली असतात. नाही तो फक्त खारा वास. पहिल्या सकाळी काठावर उभी राहिले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. काय चुकतंय हे कळायला बराच वेळ लागला. ओठ चाटले तर मीठ लागलं नाही.

माझं काम एस्तेरबरोबर होतं. तिशीची, उंच, हळू बोलणारी बाई. घराच्या पडवीत शिलाई मशीन टाकून गावाचे कपडे शिवायची. तिथल्या मच्छीमार मंडळानं खबर सांगायला तिलाच निवडलं, कारण देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, गाताना तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे दोघींचं जमलं. दुपारी इंग्रजी पत्रक तिच्या फोनवर यायचं. ती ते चिचेवा या त्यांच्या भाषेत सांगायची आणि मी ऐकून विचारायची, "हे तुझ्या आईला कळेल का?" ती हसायची आणि पुन्हा बोलायची.

सुरुवात मात्र ती कायम एकाच तऱ्हेनं करायची, "इने एस्तेर." म्हणजे मी एस्तेर. मी तिला सांगितलं, आमच्याकडे नाव सांगत नाहीत, खबर महत्त्वाची. ती म्हणाली, "अमाई, कोण बोलतंय हे माहीत नसेल तर लोक कशाला ऐकतील?" अमाई म्हणजे आई. तिथं माझ्या वयाच्या सगळ्याच बायका अमाई.

गावात वीज थोड्याच घरांत. बाकीचे लोक आपले फोन फिरी नावाच्या गृहस्थांच्या दुकानात चार्जिंगला ठेवतात. झाडाखाली पत्र्याची टपरी, वर सौरऊर्जेचं पॅनल, आत फळीवर ओळीनं फोन, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि नाव. बायका पाणी भरायला जाताना फोन ठेवतात, येताना नेतात. एका फोनवर अख्खं घर असतं, कधी शेजारचं घरही. कुणाला निरोप द्यायचा तर एकदा वाजवून ठेवून देतात. मी म्हटलं, याला आम्ही मिस कॉल म्हणतो. फिरींना ते फार आवडलं. एवढ्या लांबची माणसंही फुकटात काम साधतात म्हणून असेल.

जेवण एस्तेरकडेच. मक्याच्या पिठाची न्सिमा, आपली तांदळाची उकड असते तशी, पण गोळा होईल इतकी घट्ट. तोंडी लावायला उसिपा, वाळवलेल्या मांदेलीएवढे मासे टोमॅटोत शिजवलेले. पहिल्या घासाला डोळे भरून आले. सुकटीचाच वास होता. एस्तेरला वाटलं तिखट लागलं.

माझी खोली मंडळाच्या कचेरीमागे. तिकडे दारावर टकटक करत नाहीत, बाहेरून "ओदी" अशी हाक देतात आणि आतून होकार आल्यावरच येतात. संध्याकाळी आजूबाजूच्या घरांतून ही हाक ऐकू यायची. माझ्या दारावर कोण येणार? परकी बाई, दमली असेल, म्हणून लोक येत नसत. फोनला रेंज चांगली होती. अश्विनीचा संदेश यायचा, 'ठीक ना?' मी अंगठा पाठवायची. नारळी पौर्णिमेला रत्नागिरीच्या कुणीतरी बंदरावरचा फोटो पाठवला, सोन्याचा कागद लावलेला नारळ, वाजंत्री, गर्दी. मी तो फोटो बघत सरोवराच्या काठी उभी होते. हातात नारळ नव्हता. हात जोडले आणि परत आले.

म्वेरा

त्या दिवसांत तिकडे दक्षिणेकडून म्वेरा नावाचा वारा सुटतो. आकाश निरभ्र असतं, पाणी ताटासारखं, आणि तासाभरात होडी उलटेल अशा लाटा. आपल्याकडे निदान ढग येतात, समुद्राचा रंग बदलतो. इथं काहीच नाही. म्हणून तर खबर हवी होती. उसिपाची मासेमारी रात्री दिव्यावर चालते, होड्या दुपार कलली की निघतात. त्याआधी खबर पोचली तर उपयोग.

एका बुधवारी सकाळपासून वीज नव्हती. मोबाईलचा टॉवर बॅटरीवर चालला होता. दुपारी पत्रक आलं, संध्याकाळपासून जोराचा म्वेरा. एस्तेरनं लगेच रेकॉर्डिंग केलं. आम्ही ते पाठवायला लावलं आणि फोनवरची रेंज गेली. टॉवरची बॅटरी संपली होती. गावातला एकही फोन वाजला नाही.

आम्ही बघत बसलो. बाहेर ऊन होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. मग एस्तेर उठली, मशीनवर कापड टाकलं आणि रस्त्यावरून दोन सायकलवाल्यांना हाक मारली. तिकडे सायकलच्या मागच्या गादीवर माणसं नेतात, तीच त्यांची रिक्षा. एकीवर ती बसली, एकीवर मी. वाळूच्या उतारावर माझी सायकल घसरली आणि मी आडवी झाले. कोपर सोलवटलं. सायकलवाला घाबरला. मी म्हटलं, "चला, चला." मराठीतच म्हटलं असणार.

पहिल्या काठावर माणसं होडी ढकलत होती. एस्तेरनं सांगितलं तसे ते सगळे हसले. एकानं पाण्याकडे हात केला, बघ की. मग एस्तेर सरळ उभी राहून, रोज बोलते तशी बोलली, "इने एस्तेर," आणि पुढे सगळी खबर, जशीच्या तशी. एका म्हाताऱ्यानं मान वर केली. बाकीच्यांना काहीतरी म्हणाला. एस्तेरनं मला नंतर सांगितलं, तो म्हणाला, फोनवरची ती हीच. त्यांनी होडी वाळूवर ओढून घेतली.

दुसऱ्या काठावरही ऐकलं. शेवटच्या काठावर पोचलो तेव्हा एस्तेरची धाकटी बहीण मेरिया मासे वाळवायच्या ताटीपाशी उभी होती. तिचा नवरा योहाने आणि त्याचे तीन सोबती नुकतेच गेले होते. लांब पाण्यावर एक ठिपका दिसत होता. एस्तेरनं कमरेचं कापड सोडलं, दोन्ही हातांनी वर धरून हलवलं, पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली आणि हाका मारल्या. चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. ठिपका तसाच लहान होत गेला. मेरियानं योहानेला फोन लावून बघितला. कुणाच्याच फोनला रेंज नव्हती.

दिवस मावळताना वारा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर सगळं गाव. कुणी रडत नव्हतं, बायका वाळूवर बसून होत्या. मी थोडी बाजूला बसले होते, कुठं बसावं हे कळत नव्हतं म्हणून. दुपारकडे वीज आली असावी, कारण एकाएकी सगळ्यांचे फोन वाजायला लागले. एकाच वेळी, कमरेला, ओंजळीत, कापडाच्या गाठीत. प्रत्येकानं झडप घातली. मेरियानं दोन्ही हातांनी फोन कानाला लावला. होडीची बातमी असेल असं प्रत्येकीला वाटलं.

"इने एस्तेर," प्रत्येक फोनमधून तोच आवाज. आज संध्याकाळी म्वेरा सुटेल, होड्या काढू नका. कालचं बोलणं. टॉवर चालू होताच संगणकानं राहिलेलं काम पुरं केलं होतं. जुनी झालेली खबर पाठवू नये, ही साधी गोष्ट त्याला शिकवायला आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं.

मेरियानं शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन मांडीवर ठेवला. एस्तेर तिच्याशेजारीच बसली होती. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. जणू आवाज अजून आतूनच येत होता.

नंतर फिरींच्या दुकानात अनोळखी नंबरावरून फोन आला. उत्तरेकडच्या एका गावात तिघं जण काठाला लागले होते, थकलेले, पण जिवंत. योहाने त्यांत नव्हता. तो पुढच्या दिवशी सापडला.

मेरियाचं घर

तिथं माणूस गेलं की घरातलं सामान बाहेर काढतात आणि जमिनीवर चटया घालतात. बायका आत मेरियाभोवती बसल्या, पुरुष बाहेर लाकडं पेटवून बसले. येणारी प्रत्येक बाई डोक्यावरून काहीतरी आणत होती, लाकडं, मक्याचं पीठ, पाण्याचा हंडा. आपल्याकडे शेजारचे पिठलंभात आणतात आणि भेटून जातात. इथं येणारी जात नव्हती. तिथंच भिंतीला टेकून बसत होती, तिथंच आडवी होत होती.

मी दाराशी जाऊन "ओदी" म्हटलं. आतून उत्तर आलं. एका कोपऱ्यात जागा झाली आणि मी बसले. मधेच एखादी गाणं धरायची, बाकीच्या मागून म्हणायच्या.

दुपारी एस्तेरच्या आईनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. एस्तेर हळूच म्हणाली, "तुमचे यजमान आहेत का, विचारते."

"नाहीत," मी म्हटलं.

आईनं पुन्हा विचारलं. एस्तेर म्हणाली, "ते गेले तेव्हा तुमच्याजवळ कोण बसलं होतं?"

मी सांगितलं, मुलगी आली होती. खेडहून भाऊ-वहिनी आले. तेराव्यापर्यंत सगळे होते.

"आणि मग?"

"मग फोन येत होते. संदेश येत होते. खूप आले."

एस्तेरनं ते कसं सांगितलं माहीत नाही. आईनं ऐकलं, मान हलवली आणि आपल्या अंगावरच्या कापडाचं अर्धं टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं. ऊन होतं, थंडी नव्हती. यजमान गेल्यानंतर मी चारचौघांत रडले नव्हते. अलोऱ्याच्या घरात नाही, रत्नागिरीतही नाही. तिथं रडले. कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही, त्यामुळे थांबायची घाई करावी लागली नाही.

लाल कापड

दफन झालं. एस्तेरनं मला सांगितलं, "मी आता बोलणार नाही."

मी समजावायचा प्रयत्न केला. दोन काठांवरच्या होड्या तिच्यामुळे थांबल्या होत्या. ती म्हणाली, "मेरिया रोज माझ्याशी बोलते. माझा आवाज ऐकला की तिला तो फोन आठवतो. तिच्या डोळ्यांत दिसतं मला."

मी माझं काम केलं. मुंबईच्या मुलांशी बोलून यंत्रणेत फरक करून घेतला, म्हणजे संध्याकाळ उलटली की त्या दिवशीची खबर जाणारच नाही. मंडळानं चार दिवस संगणकाचा तयार आवाज लावून बघितला. लोक दोन शब्द ऐकून फोन ठेवून देत. फिरी म्हणाले, "हा माणूस कुठल्या गावचा? याची आई कोण?"

मग मी त्यांना आपल्या बंदरांवरच्या बावट्याबद्दल सांगितलं. फोन नव्हते तेव्हापासून वादळाची खूण म्हणून बंदरावर बावटा चढतो. तो लांबून दिसतो आणि त्याला वीज लागत नाही. मंडळींना पटलं. ज्या दिवशी टॉवर बंद असेल त्या दिवशी सायकलवाल्यानं काठाकाठानं जाऊन लाल बावटे चढवायचे असं ठरलं. उंच बांबू तोडून आणले. बावटे शिवायचं काम एस्तेरकडेच आलं, गावात दुसरी शिलाई मशीन नव्हती.

ती शिवत होती आणि मी कडा दुमडून देत होते. मेरिया येऊन उंबऱ्यावर बसली होती. मग मेरिया काहीतरी म्हणाली. एस्तेरचा पाय मशीनवर थांबला, पुन्हा चालू झाला. मी विचारलं नाही. दोघी बहिणींमधलं ते होतं आणि माझे जायचे दिवस जवळ आले होते.

परतीची वाट

निघाले त्या सकाळी एस्तेरनं माझ्या हातात वाळवलेल्या उसिपाची पुडी दिली. पुन्हा बोलणार का, हे ती बोलली नाही, मीही विषय काढला नाही.

लिलोंग्वेची छोटी बस, माणसं आणि कोंबड्या खच्चून भरलेल्या. माझ्याशेजारी एक बाई मांडीवर बादली घेऊन बसली होती. दुपारी बस एका फाट्यावर उभी होती तेव्हा तिचा फोन वाजला. मागून आणखी एक वाजला, पुढून एक. लोकांनी फोन कानाला लावले. कुणी पुढे, कुणी मागे, म्हणून तेच शब्द एकापाठोपाठ एक बसभर फिरत गेले.

"इने एस्तेर."

मी इतकी पुढे झुकले की त्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि फोन आमच्या दोघींच्या मधे धरला. वाऱ्याचं नाव मला ओळखू आलं, बाकी काही नाही. आवाज रोजच्यासारखाच होता, थोडा बसलेला. संपल्यावर बाईनं मला खुणेनं विचारलं, कळलं का? मी मान हलवली. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला कुणाला तरी सांगायचं होतं, ही माझी मैत्रीण. त्या बसमध्ये माझी भाषा कुणाला येत नव्हती.

पुन्हा रत्नागिरी

घर उघडलं तेव्हा बंद घराचा वास आला. कपड्यांना बुरशी. अश्विनीशी बोलले, ती म्हणाली, "फोटो पाठव." पाठवले. शेजाऱ्यांनी सिंह दिसला का विचारलं. नाही दिसला.

दुसऱ्या दिवशी बाजारात मासे घ्यायला गेले. जिच्याकडे मी अधूनमधून बांगडे घेते ती सुमन, हर्णैची माहेरवाशीण, तिच्या घरची होडी आहे. आमचं बोलणं भावापलीकडे कधी गेलं नव्हतं. मी म्हटलं, "ताजे आहेत का?"

तिनं हातातली सुरी थांबवली. "थांब," म्हणाली, "पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"तूच की गो ती. फोनवरची. वाऱ्याचं सांगणारी."

मी हो म्हटलं.

"मधी दुसरीच कोण बाय बोलत व्हती. आमचे हे रोज म्हनायचे, ती खंय गेली, आजारी बिजारी पडली की काय. पन इचारनार कुनाला? नावच म्हायती नाय." तिनं पाट सरकवला, ओल्या हातानं जागा पुसली. "बस. कुठं व्हतीस येवढे दिस?"

मी पिशवी खाली ठेवली आणि बसले. माणसं मासे घ्यायला येत होती, जात होती. मी तिला अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.